नाशिक महापालिकेत पक्षापक्षांत फरक उरलाय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापालिकेची निवडणूक आली की आमच्या कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: "सगळे सारखेच आहेत हो." बोलणारे कुठल्याही पक्षाचे असोत, वाक्य तेच. मी बरीच वर्षं राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, महासभा ऐकत बसलोय. लोक मला जे प्रश्न विचारतात, ते आणि मला सुचलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

सगळे पक्ष खरंच सारखे आहेत का?

विधानसभेत नाहीत, लोकसभेत तर नाहीतच. महापालिकेत मात्र बऱ्याच अंशी आहेत.

याचं नेहमीचं उत्तर असं देतात की पाणी, गटार, पथदिवे, घंटागाडी यांत कसली आलीय विचारसरणी. मला हे पटत नाही. घरपट्टी नव्या मिळकतींवर जास्त लावायची की जुन्या-नव्या सगळ्यांवर सारखी, हा राजकीय प्रश्न आहे. सफाईचं काम ठेक्यावर द्यायचं की कायमचे कामगार भरायचे, हाही राजकीय प्रश्न. गंगापूर धरणातलं पाणी शहराला किती, कालव्याच्या शेतीला किती आणि खाली जायकवाडीसाठी किती, हा तर नाशिकचा सगळ्यात जुना भांडणाचा विषय. म्हणजे विषय आहेत. पक्ष त्यांवर वेगवेगळी भूमिका घेत नाहीत, एवढंच. चार पक्षांचे जाहीरनामे शेजारी ठेवा आणि वरचं चिन्ह झाका. गोदावरी स्वच्छ, खड्डेमुक्त रस्ते, चोवीस तास पाणी, आयटी पार्क. कुठला कुणाचा ते ओळखून दाखवा, चहा माझ्याकडून.

नाशिकमध्ये आजवर कुणाकुणाची सत्ता होती?

महापालिका १९८२ साली झाली आणि पहिली निवडणूक १९९२ मध्ये. तिथपासूनची सगळी वंशावळ सांगत बसत नाही. फक्त २०१२ पासून पुढचं बघू, कारण सगळा नमुना त्यात आहे.

२०१२ मध्ये १२२ जागांपैकी मनसेला ४० मिळाल्या. सगळ्यात मोठा पक्ष, पण बहुमताला ६२ लागतात. यतीन वाघ महापौर झाले ते भाजपच्या साथीने. अडीच वर्षांनी, २०१४ मध्ये, पुढच्या महापौराची वेळ आली तेव्हा भाजप बाजूला झाला होता. मनसेचे अशोक मुर्तडक निवडून आले ते राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या साथीने. पक्ष तोच, सभागृह तेच, नगरसेवकही तेच. फक्त बाकं बदलली. त्या अडीच वर्षांत विषयपत्रिकेवरचे विषय बदलले का, असं कुणी विचारलं तर मला एकही आठवत नाही.

२०१७ मध्ये भाजपला ६६ जागा मिळाल्या, म्हणजे निर्भेळ बहुमत. शिवसेना ३५, काँग्रेस आणि राष्ट्रवादी प्रत्येकी ६, मनसे ५. पाच वर्षांपूर्वी ४० असलेला पक्ष पाचावर आला. यातली गंमत अशी की पक्ष बुडाला तरी त्यातली सगळी माणसं काही बुडाली नाहीत. बरीचशी दुसऱ्या होडीत बसली.

२०१९ च्या नोव्हेंबरात मुंबईत भाजप आणि शिवसेना वेगळे होत होते, महाविकास आघाडी आकार घेत होती. त्याच दिवसांत नाशिकमध्ये भाजपचे सतीश कुलकर्णी महापौर झाले, आणि तेही बिनविरोध. राज्यात एवढा गदारोळ असताना इथे विरोधात एक अर्जही शेवटपर्यंत टिकला नाही.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. मग जवळजवळ चार वर्षं प्रशासक. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पुन्हा भाजपचं बहुमत आलं.

नगरसेवक एवढे पक्ष का बदलतात? लाज वाटत नाही का?

लाजेचं मला माहीत नाही. हिशेब मात्र सांगता येतो.

२०१२ ला नाशिकमध्ये दोन सदस्यांचे ६१ प्रभाग होते. २०१७ ला ते ३१ झाले: २९ प्रभाग चार सदस्यांचे, दोन प्रभाग तीन सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे चार सदस्यांच्या एका प्रभागात त्याच जनगणनेनुसार अंदाजे ४८ हजार माणसं. आज त्याहून खूप जास्त.

आता समजा तुम्ही पंचवटीतले कार्यकर्ते आहात. गणपतीला, दहीहंडीला, कुणाच्या दहाव्याला, दवाखान्यात रक्त लागलं तर, सगळीकडे पुढे. तुमच्या आजूबाजूच्या दहा गल्ल्या तुम्हाला नावानिशी ओळखतात. जुन्या छोट्या वॉर्डात एवढ्यावर निवडून येता यायचं, अपक्षसुद्धा. चार सदस्यांच्या प्रभागात ते दहा गल्ल्यांचं गाव एका कोपऱ्यात पडतं. उरलेले मतदार तुमचा चेहरा ओळखत नाहीत, चिन्ह ओळखतात. चौघांचं पॅनल एकत्र फिरतं, पत्रक एक, गाडी एक, भोंगा एक. चिन्ह नसेल तर संपलात.

त्यामुळे उलटंच झालं. पक्षांमधला फरक जितका पुसट झाला, तितकी पक्षाच्या चिन्हाची किंमत वाढली. कार्यकर्त्याला विचार नको असतो, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हवा असतो. ज्याच्याकडे तो आहे, त्याच्या दारात रांग. त्यात आरक्षणाची सोडत निघते आणि पाच वर्षं मशागत केलेली जागा महिलांसाठी किंवा दुसऱ्या प्रवर्गासाठी जाते. मग बायको उभी राहते, नाहीतर आई, नाहीतर सून. आणि त्या जागेवर आपल्या पक्षात आधीच कुणी बसलेलं असलं तर शेजारचा पक्ष आहेच.

ठळक उदाहरण द्याल का?

२०१९ ची नाशिक पूर्व विधानसभा. महापालिका नव्हे, पण दोन्ही गडी महापालिकेच्या तालमीतले. बाळासाहेब सानप भाजपचे माजी महापौर, २०१४ चे भाजपचे आमदार. त्यांना तिकीट नाकारलं, ते राष्ट्रवादीकडून उभे राहिले. समोर भाजपने उभे केले राहुल ढिकले, जे त्याआधी मनसेत होते. म्हणजे भाजपचा माणूस घड्याळावर आणि मनसेचा माणूस कमळावर. ढिकले जिंकले. सानप पुढे शिवसेनेत गेले आणि २०२० च्या डिसेंबरात पुन्हा भाजपमध्ये आले. ढिकले यांचे वडील उत्तमराव हे शिवसेनेचे खासदार आणि नंतर मनसेचे आमदार होते, हे जुन्या नाशिककरांना सांगायला नको.

ताजं उदाहरण डिसेंबर २०२५ चं. निवडणूक तोंडावर असताना माजी महापौर विनायक पांडे आणि यतीन वाघ, काँग्रेसचे शाहू खैरे, मनसेत गेलेले दिनकर पाटील असे एका दमात भाजपमध्ये दाखल झाले. यावर सगळ्यात कडक आक्षेप विरोधकांचा नव्हता, भाजपच्याच आमदार देवयानी फरांदे यांचा होता. फरक पुसट झाला की विरोधही घरातूनच होतो.

पण पक्षांतरबंदी कायदा आहे ना?

आहे. आमदार-खासदारांसाठी घटनेचं दहावं परिशिष्ट आहे तसा महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांच्या सदस्यांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा स्वतंत्र अनर्हता कायदा आहे. पक्षाचा आदेश मोडून मत दिलं किंवा स्वतःहून पक्ष सोडला तर पद जाऊ शकतं. निवडून आल्यावर गटाची नोंदणी विभागीय आयुक्तांकडे करावी लागते. तेव्हा नाशिकरोडच्या त्या कार्यालयाबाहेर नव्या नगरसेवकांनी भरलेल्या गाड्या दिसतात, त्या यासाठी.

पण हा कायदा पदावर असलेल्याला धरतो. नाशिकमध्ये मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पदावर कुणीच नव्हतं. नेमक्या याच काळात, जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. म्हणजे राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी फाटाफूट झाली तेव्हा आमचे सगळे नगरसेवक 'माजी' होते आणि माजी माणसाचं पद घालवता येत नाही. कुणी ठाकरेंकडे राहिलं, कुणी शिंदेंकडे गेलं, कुणी आधी इकडे मग तिकडे. कायद्याचं एक कलमही हललं नाही.

निकालानंतर जोड्या कशा जुळतात? ते कायदेशीर आहे का?

पूर्ण कायदेशीर. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि ते पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर नेमले जातात. महापालिका अधिनियमाच्या कलम ३१अ नुसार निकालानंतर ठराविक मुदतीत आघाडी करून तिची नोंद करता येते. मग दोन अपक्ष आणि तीन जणांचा एखादा पक्ष मिळून 'गट' होतो आणि स्थायीवर एक माणूस जातो. मतदाराने ज्यांना एकमेकांविरुद्ध उभं राहिलेलं पाहिलं, ते महिन्याभरात एका गटात असतात. याला अभद्र युती म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही, कारण ही वाट कायद्यानेच ठेवलेली आहे.

स्थायी समितीचं एवढं काय?

तिथे पैसे मंजूर होतात. यावर जास्त काही सांगण्याची गरज नाही.

मग महापालिकेत खरं भांडण कुणाचं कुणाशी असतं?

हा माझा आवडता प्रश्न. बहुतेक वेळा ते सत्ताधारी विरुद्ध विरोधक असं नसतंच. नगरसेवक विरुद्ध आयुक्त असं असतं.

आपल्या कायद्यात महापौर सभेचा अध्यक्ष असतो. कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्ताकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. अंदाजपत्रक आयुक्त मांडतो, फाईल आयुक्ताकडून हलते. महापौराकडे मान, गाडी, कोट आणि सभा तहकूब करायचा अधिकार. म्हणून सगळ्या पक्षांच्या नगरसेवकांचं हित एका ठिकाणी येऊन मिळतं: आपल्या प्रभागातली कामं आयुक्ताकडून सोडवून घेणं. तिथे कमळ, धनुष्यबाण, घड्याळ, पंजा असं काही राहत नाही.

२०१८ मध्ये हे सगळं उघड्यावर आलं. फेब्रुवारीत तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांना त्यांनी गरज, निधी आणि तांत्रिक शक्यता यांची चाळणी लावली. नव्या मिळकतींची करवाढ केली, मोकळ्या जागाही करकक्षेत आल्या. शेतकरी भडकले, बिल्डर भडकले आणि सभागृह तर आधीच भडकलेलं होतं. विरोधात कोण होतं? सगळे. आणि अविश्वास ठराव आणायला पुढे कोण? सत्ताधारी भाजप. आयुक्त नेमणारं सरकारही भाजपचंच, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, ज्यांनी वर्षभर आधी प्रचारात नाशिक दत्तक घेतल्याचं सांगितलं होतं. म्हणजे भाजपचं सभागृह भाजपच्या सरकारने पाठवलेल्या अधिकाऱ्याला घालवायला निघालं आणि शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस, मनसे टाळ्या द्यायला मागे उभे.

आयुक्ताला परत पाठवायचं तर एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश मतं लागतात. १२२ मध्ये ती होतात ७७. सगळे एक झाल्यावर आकडा अवघड नव्हता. १ सप्टेंबरला सभा ठरली होती. त्याआधी मुंबईहून निरोप आला आणि ठराव मागे घेतला गेला. काही नागरिक मुंढेंच्या बाजूने रस्त्यावरही आले होते. नोव्हेंबरात त्यांची बदली झाली.

या प्रकरणात कोण बरोबर यावर अजूनही घराघरांत वाद होतो आणि मीही दोन्ही बाजूंनी भांडून झालोय. करवाढ एका फटक्यात केली ते चूक होतं असं मला वाटतं. प्रत्येक गल्लीत गरज नसताना पेव्हर ब्लॉक बदलणं थांबवलं ते बरोबर होतं असंही वाटतं. पण एवढं नक्की: त्या सहा महिन्यांत नाशिकमध्ये दोनच पक्ष होते आणि त्यांपैकी एकालाही निवडणूक चिन्ह नव्हतं.

राज्यात एकत्र असलेले पक्ष इथे एकमेकांविरुद्ध कसे?

२०२६ ला भाजप इथे स्वतंत्र लढला. शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी समोर होती. मंत्रालयात हे तिन्ही पक्ष एका टेबलाशी बसतात. निकालात शिंदेंचीच शिवसेना दुसऱ्या क्रमांकावर आली. आता विरोध करायचा तर आपल्याच उपमुख्यमंत्र्यांच्या सरकारविरुद्ध बोलावं लागेल, नाही करायचा तर मत मागितलं कशाला, असा तो पेच.

याच युतीत नाशिकच्या पालकमंत्रिपदाचं काय झालं ते आठवा. जानेवारी २०२५ मध्ये गिरीश महाजन यांचं नाव जाहीर झालं आणि शिवसेना नाराज झाल्यावर लगेच स्थगिती आली. कुंभमेळा तोंडावर, शहर खणून ठेवलेलं आणि पालकमंत्री नाही. दोन पक्षांत धोरणाचा फरक शोधून सापडायचा नाही, पण खुर्ची कुणाची यावर महिनोन्महिने अडून बसता येतं.

गावाकडे पक्ष नसतात, तिथे बरं चालतं का?

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक पक्ष सांगतो की सर्वाधिक सरपंच आमचे. एकाच सरपंचाचे हार घातलेले फोटो दोन पक्षांच्या कार्यालयांत मी पाहिलेत.

बाजार समिती, सोसायट्या, जिल्हा बँक इथे पॅनल चालतं. आमच्याकडे सगळ्यात गाजते ती मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेची निवडणूक. २०२२ मध्ये 'परिवर्तन' पॅनलने 'प्रगती' पॅनलची सत्ता घालवली. दोन्ही बाजूंना सगळ्या पक्षांचे लोक होते, सख्खे भाऊ आणि व्याही समोरासमोर होते, आणि कुणालाही त्यात विसंगती वाटली नाही. माझा अंदाज असा की शहरातल्या पक्षांनी ही रीत सहकारातून उचलली. पक्ष म्हणजे मोठं पॅनल. नाव छापलेलं, चिन्ह तयार, माणसं दर वेळी नवी भरायची.

चार वर्षं नगरसेवक नव्हते, तेव्हा काय फरक पडला?

पाणी येत होतं, घंटागाडी येत होती, कर भरला जात होता. म्हणून काही जण म्हणाले, नगरसेवक हवेतच कशाला. थांबा. ड्रेनेज तुंबलं की रात्री अकराला फोन कुणाला करायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. अंदाजपत्रक प्रशासकाने मांडलं, प्रशासकाने मंजूर केलं. मधे एकही प्रश्न विचारला गेला नाही. पूर्वी निदान कुणीतरी माईक फेकायचं, राजदंड पळवायचं. तमाशा असायचा, पण त्या तमाशात कागद बाहेर यायचे. पक्ष सारखे असले तरी १२२ माणसं सारखी नसतात.

मग पक्षाचं नाव बघूच नये का?

बघावं, पण कशासाठी बघतो ते माहीत असावं. मुंबईत ज्याचं सरकार त्याच्या महापालिकेची फाईल लवकर हलते, हे लोकशाहीला शोभत नसलं तरी खरं आहे. सिंहस्थाच्या कामांचे निर्णय तर मुख्यतः राज्य सरकार आणि त्याने नेमलेलं कुंभमेळा प्राधिकरण घेतं. शिवाय पक्षादेश निघाला की नगरसेवकाला स्वतःचं मत राहत नाही. तुम्ही माणूस निवडता, पण मोठ्या मतदानाच्या दिवशी हात पक्षाचा वर होतो.

अपक्षाला दिलं तर?

चार सदस्यांच्या प्रभागात अपक्ष निवडून येणं महाकठीण. आलाच तर आठ दिवसांत कुठल्या गटात जातो ते बघा.

चारही मतं एकाच पक्षाला द्यावी लागतात का?

नाही! हा गैरसमज पॅनलवाले मुद्दाम पसरवतात. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. चारही मतं चार पक्षांना देता येतात. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथे 'नोटा'.

उमेदवार सारखेच दिसत असतील तर निवडायचं कशावरून?

आधी नगरसेवक राहिलेला असेल तर सोपं आहे. महासभेचं इतिवृत्त असतं. नगरसचिव विभागात माहितीच्या अधिकारात मागता येतं. त्याने पाच वर्षांत किती वेळा तोंड उघडलं आणि कशावर, ते बघा. आपल्या प्रभागाबाहेरच्या विषयावर एकदा तरी बोललाय का? मी स्वतः ही एकच चाळणी लावतो. पाणीपट्टीवर, घंटागाडीच्या ठेक्यावर, गोदावरीत मिसळणाऱ्या नाल्यांवर जो बोलतो तो कुठल्याही पक्षात असला तरी उपयोगाचा. फक्त आपल्या समाजमंदिराच्या सभामंडपावर बोलणारे सगळ्या पक्षांत सापडतात. नवा उमेदवार असेल तर त्याचं शपथपत्र वाचा. तीन निवडणुकांत तीन पक्ष झाले असतील तर त्याला घरी आल्यावर सरळ विचारा, "भाऊ, पक्ष बदलल्यावर तुमचं मत कशावर बदललं?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.

महासभा सामान्य माणसाला बघता येते का?

येते, प्रेक्षक गॅलरी आहे. पास लागतो का ते नगरसचिव विभागात आधी विचारून घ्या. गेलात तर शेवटपर्यंत बसा. सुरुवातीला श्रद्धांजली, मग अभिनंदनाचे ठराव, मग घोषणाबाजी. जादा विषय येतात संध्याकाळी, सगळे दमलेले असताना. ते 'मंजूर, मंजूर' म्हणत एका मिनिटात जातात, आणि ते म्हणणारे आवाज दोन्ही बाकांवरून येतात.